तळटिपेची कुळकथा

हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. तिथून जवळच्या औंढा नागनाथला त्यांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले, अशी परंपरा आहे. पण नामदेवांच्या हातची एकही वही आज नाही. अभंग राहिले ते कीर्तनकारांच्या तोंडी आणि त्यांच्या बाडांत. त्यात विष्णुदास नामा हा पुढच्या काळातला कवीही ‘नामा’ म्हणूनच लिहून गेला. चार बाडांत एका अभंगाची चार रूपे सापडली, तर छापायचे कोणते आणि उरलेल्या तिन्हींचे करायचे काय? मराठी पानाच्या तळाशी पाठभेदांची टीप आली, ती अशाच अडचणीपायी.

पोथ्या लिहिणाऱ्यांना पानाची वाटणी ठाऊक होती. सुटलेले अक्षर काकपदाची खूण करून समासात लिहीत, चुकलेल्यावर हरताळ फाशीत. ‘त्रिपाठ’ पद्धतीच्या पोथीत मूळ श्लोक मधोमध ठळक अक्षरात आणि टीका त्याच्या वर-खाली असे. नव्हती ती नाकारलेला पाठ जपण्याची सवय. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पण कोणता शब्द वगळला, याची यादी मागे ठेवली नाही. 1909 साली इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीची एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तेव्हा खरा पाठ कोणता यावर वाद झडले.

नाकारलेला पाठ जपण्याची सवय छापखान्याने लावली. इंदुप्रकाश छापखान्यात 1869 ते 1873 या काळात तुकारामांची गाथा दोन भागांत छापली गेली. शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखालच्या या कामासाठी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या प्रती ताडल्या होत्या. निर्णयसागर छापखान्याच्या ‘काव्यमाला’ या संस्कृत ग्रंथमालेत पोथ्यांना ‘क’, ‘ख’ अशी नावे देऊन पाठभेद पानाखाली बारीक खिळ्यांत बसवले जात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने ही रीत कळसाला नेली. 1919 ते 1966 अशी सत्तेचाळीस वर्षे चाललेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत कित्येक पानांवर मूळ श्लोकांच्या ओळी कमी आणि खालचे पाठभेदच जास्त. संपादकाला स्वतःला शंका असलेल्या शब्दाखाली नागमोडी रेघ.

असे पान खिळ्यांनी जुळवणे कंपोझिटरच्या जिवावर येई. वर एक ओळ वाढली की खालची टीप तिच्या शब्दासकट पुढच्या पानावर न्यायची आणि आकडे नव्याने घालायचे. 1977 साली संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना आपल्या पुस्तकाची प्रुफे आवडली नाहीत, म्हणून त्यांनी ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तीत टीप तिच्या शब्दाला बांधलेली असते. शब्द पान बदलतो, तशी टीपही बदलते. तरी पाठभेदांचे अनेक थर एका पानावर मावेनात. त्यासाठी 1990 च्या सुमारास जॉन लाव्हाग्निनो आणि डॉमिनिक वुयास्टिक यांनी ‘एडमॅक’ रचले. त्यात ओळींना आपोआप क्रमांक पडतात आणि टिपांचे पाच थर एकाखाली एक बसतात. वुयास्टिक हे संस्कृतचे अभ्यासक, हा काही योगायोग नव्हे. 1991 मध्ये फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी टेकमध्ये देवनागरी आणली. आज टेकच्या ‘झीटेक’ या रूपात मराठी थेट टंकता येते.

यंत्र टीप बसवते. टिपेत काय लिहायचे, ते मात्र आपल्यालाच ठरवावे लागते. संदर्भाच्या पत्त्याचेच घ्या. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत. त्या ग्रंथाच्या प्रमाण छापील प्रतीत सर्वत्र 1430 पानेच असल्याने ‘अंग 345’ एवढा पत्ता कुठल्याही प्रतीत पुरतो. नामदेवांच्या मराठी गाथेचे तसे नाही. आवृत्तीगणिक अभंगांचा क्रमांक बदलतो. गावाचा पत्तासुद्धा सालाप्रमाणे बदलतो: हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला, म्हणून त्याआधीच्या पुस्तकांत नर्सी परभणी जिल्ह्यात सापडते.

तेव्हा नामदेवांवर प्रबंध किंवा पुस्तक लिहिणाऱ्यांना एकच विनंती. ‘नामदेव गाथा, अभंग अमुक’ एवढ्यावर थांबू नका. 1970 ची शासकीय गाथा की दुसरी कोणती, तेही लिहा. टिपांचे आकडे हाताने टंकू नका; ते काम यंत्राला करू द्या. आणि जो पाठ तुम्ही नाकारला, तो पानाखाली जरूर ठेवा. निवड चुकली असेल, तर पुढच्या वाचकाला ती तिथूनच दुरुस्त करता येईल.