गारठ्यातही न तडकणारा फोम

लस, मासळी किंवा औषधे पाठविण्यासाठी वापरली जाणारी थर्मोकोलची पेटी म्हणजे बव्हंशी हवाच असते. पॉलिस्टायरिनच्या या फोममध्ये सुमारे ९८ टक्के हवा असते. सूक्ष्म कोठड्यांत अडकलेली ही हवा खेळू शकत नाही. त्यामुळे उष्णता आत शिरण्यास वेळ लागतो. पेटी हातातून निसटली, की मात्र कोपरा तुटतो किंवा तडा जातो आणि बाहेरची उष्ण हवा थेट आत शिरते. २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावयाची लस तापली, तरी दिसायला तशीच राहते. तिचे सामर्थ्य तेवढे घटलेले असते.

पॉलिस्टायरिन ठिसूळ का? प्रत्येक बहुवारिकाला एक काचसंक्रमण तापमान असते. त्याखाली रेणुसाखळ्या गोठल्यासारख्या होतात आणि पदार्थ काचेप्रमाणे वागतो. पॉलिस्टायरिनसाठी ते सुमारे १०० अंश आहे, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातही ते 'गोठलेले'च असते. पॉलिप्रॉपिलिनचे हे तापमान शून्याच्या आसपास असल्याने एरवी चिवट असलेला त्याचा फोम शीतगृहात कडक होतो. पॉलिएथिलिन उणे १०० अंशांच्याही खाली लवचिक राहते.

मग पॉलिस्टायरिनचा ताठपणा आणि पॉलिएथिलिनचा चिवटपणा एकत्र का आणू नये? अडचण अशी, की ही दोन बहुवारिके तेल-पाण्यासारखी वेगळी राहतात. त्यांच्या सीमेवरच भेग पडते. म्हणून स्टायरिन आणि रबर यांचे खंड एकाच साखळीत असणारे सहबहुवारिक मिसळतात. त्याचे एक टोक एकात, दुसरे दुसऱ्यात रुतते आणि सांधा पक्का होतो.

खरी कसोटी पुढे, फोम फुगविताना लागते. पेंटेनसारखा फुगविणारा वायू पॉलिस्टायरिनमध्ये बराच काळ टिकतो, पॉलिएथिलिनमधून मात्र लवकर निसटतो. त्याचे प्रमाण वाढविले, की मणी फार काळ साठवता येत नाहीत. कमी केले, तर ठिसूळपणा उरतो. शिवाय मिश्रणाचा पुनर्वापर एकजिनसी थर्मोकोलपेक्षा अवघड, ही त्याची किंमतच म्हणायची.

रबराची निवडही तापमान पाहूनच करावी लागते. शुष्क बर्फाचे तापमान उणे ७८.५ अंश असते. उणे ५० अंशांनाच काचसदृश होणारे रबर तेथे निरुपयोगी ठरते. म्हणूनच आघातचाचणी खोलीच्या तापमानाला न घेता, नमुना प्रत्यक्ष वापराच्या तापमानापर्यंत गार करून घेतात.