इंजिन बदलले, रूळ तेच राहिले : 'शकुंतले'ची गोष्ट

१/ १५ एप्रिल १९९४. मूर्तिजापूरच्या अरुंद रुळांवरून सत्तर वर्षे धावलेले वाफेचे इंजिन त्या दिवशी सेवेतून निवृत्त झाले आणि 'शकुंतला' डिझेलवर धावू लागली. शक्ती वाढली की वेगही वाढतो, असा सर्वसाधारण समज आहे. वऱ्हाडातील या गाडीच्या बाबतीत तसे घडले नाही. ते का, याची ही कहाणी. 🧵

२/ या कहाणीच्या मुळाशी कापूस आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. खामगाव आणि अमरावती या कापूसपेठांसाठी लवकरच स्वतंत्र फाटे निघाले.

३/ मुख्य मार्गापासून दूर असलेल्या तालुक्यांचा कापूस मात्र अजूनही बैलगाडीनेच येत होता. तो रेल्वेपर्यंत आणण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी संस्थेने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. मूर्तिजापूर हे केंद्र धरून एक फाटा दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरला (तेव्हाचे एलिचपूर) गेला, तर दुसरा कारंजा, दारव्ह्यामार्गे यवतमाळला.

४/ दोन्ही फाटे मिळून लांबी सुमारे १९० किलोमीटर. रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. मुख्य मार्गावर ते १,६७६ मिलिमीटर. अरुंद मार्ग स्वस्तात बांधून होतो, हा त्याचा फायदा. तोटा असा की मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे.

५/ १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेले झेडडी वर्गाचे इंजिन १९२३ पासून येथे धावू लागले. कापूस ज्या मुलखाकडे जात होता, त्याच मुलखातून तो ओढणारे यंत्र आले. वसाहतकाळातील व्यापाराचे चक्र याहून थोडक्यात सांगणे कठीण आहे.

६/ वाफेच्या इंजिनाचा गुण म्हणजे उभ्या स्थितीतूनही ते पूर्ण जोर लावू शकते. त्याचे दोष मात्र खर्चिक. कोळशातील उष्णतेचा दहावा हिस्साही चाकांपर्यंत पोहोचत नाही. निघण्याच्या कित्येक तास आधी भट्टी पेटवावी लागते. वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागते.

७/ आणि पाणी हाच वऱ्हाडातील नाजूक प्रश्न. मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव हा परिसर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. खारे पाणी बॉयलरचे वैरी असते. ते आतल्या नळ्यांवर क्षारांचे थर चढवते, उकळताना फेसाळते आणि धातू खाते. जेथे माणसालाच गोडे पाणी दुर्मीळ, तेथे इंजिनाची तहान भागवणे सोपे नव्हते.

८/ रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. त्यात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. आधुनिक डिझेल इंजिन इंधनातील ऊर्जेचा सुमारे एकतृतीयांश भाग कामी लावते. शिवाय भट्टी नाही, राख नाही, पाण्याचे थांबे नाहीत. १९९४ चा बदल म्हणूनच तर्कशुद्ध होता.

९/ तरीही गाडी ताशी २० किलोमीटरच्या आसपासच रेंगाळत राहिली. या वेगाने यवतमाळचे ११३ किलोमीटर गाठायला, थांबे न धरताही, साडेपाच तासांहून अधिक वेळ लागतो. अडचण इंजिनात नव्हती. ती इंजिनाखाली होती.

१०/ वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रूळमार्ग सतत हलत असतो. खडी, स्लीपर आणि रूळ यांची अखंड निगा घ्यावी लागते. येथे तर मार्गाची मालकी कंपनीकडे आणि गाडी चालवणारी रेल्वे वेगळी. स्वातंत्र्यानंतरही हा मार्ग सरकारी मालकीचा झाला नाही. जे आपले नाही त्यावर मोठा खर्च कोण करणार? दुरुस्ती मागे पडत गेली आणि वेगमर्यादा कायम राहिली.

११/ यामागील गणित साधे आहे. वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी लागणारे अंतर सुमारे चौपट होते. म्हणजे शक्ती वाढवताना ब्रेक, चाके आणि रूळ यांचीही ताकद वाढवावी लागते. जुन्या डिझेल पिकअपला टर्बो बसवून संत्र्याच्या पेट्या दुप्पट भरणाऱ्यालाही हाच नियम लागू पडतो. इंजिन ओढेल; पण क्लच, पाटे आणि ब्रेक जुन्याच ओझ्याच्या हिशेबाने बनलेले असतात.

१२/ संथ असली तरी ही गाडी अनेकांची गरज होती. बाजाराला निघालेला शेतकरी, शाळकरी मुले, माहेरी जाणाऱ्या लेकीबाळी यांना ती परवडत असे. २०१६ मध्ये मार्ग रुंद करण्याची घोषणा झाली. त्याच दशकाच्या अखेरीपर्यंत जुन्या रुळांवरची प्रवासी गाडी मात्र थांबली.

१३/ 'शकुंतला' वाफेवर धावत होती म्हणून मागे पडली, असे म्हणता येत नाही. डिझेलवरही ती तितकीच मागे होती. १९९४ मध्ये तिचे हृदय बदलले, परंतु पायांखालची वाट १९१० च्या दशकातलीच राहिली. कोणत्याही यंत्राची खरी शक्ती त्याच्या सर्वांत दुबळ्या भागाएवढीच असते. वऱ्हाडात तो दुबळा भाग लोखंडाचा होता, तितकाच करारांच्या कागदाचाही होता.