मोडीतली नाणी

माझ्याजवळ एकेचाळीस नाणी आहेत. बहुतेक पोटीनची, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूची. थोडी नुसत्या शिशाची. एकावरही राजाचा चेहरा नाही. काहींवर हत्तीची पाठ ओळखू येते, मागच्या बाजूला उज्जयिनी चिन्हाच्या चार वर्तुळांपैकी एखादे वर्तुळ. उरलेल्या नुसत्या चकत्या. पहिली सात आईने आणली. पूर्णाकाठच्या काळ्या जमिनीत ती निंदायला जाई आणि मातीतून वर आलेले गोल काही दिसले की पदराला बांधून आणी. बाकीची मी नांदुऱ्यात भांड्यांच्या दुकानांतील मोडीच्या ढिगातून वजनाच्या भावाने घेतली.

ही नाणी घेऊन मी एकदा मोठ्या शहरातल्या एका संग्राहकाकडे गेलो. त्याने भिंगदेखील न लावता ती परत सरकवली. "सर, चांगली असतील ती आणा. हा कचरा आहे." त्याच्याजवळची चांदीची नाणी खरोखर देखणी होती. प्रत्येकाची किंमत त्याला पाठ होती. त्यातले एकही कोणत्या शिवारात सापडले, हे मात्र त्याला सांगता आले नाही.

या कचऱ्यानेच वऱ्हाडचा इतिहास दुरुस्त केला आहे. १९३९ साली तेव्हाच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या सुमारे सोळाशे नाण्यांचा साठा सापडला. नागपूरचे वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो वाचला. साठा होता पोटीनचा. या नाण्यांत चकती लहान आणि ठसा मोठा, त्यामुळे राजाचे पूर्ण नाव एका नाण्यावर क्वचितच मावते. एकावर आरंभीची दोन अक्षरे, दुसऱ्यावर मधली, तिसऱ्यावर शेवटची. शेकडो अर्धवट नाणी शेजारी ठेवावी तेव्हा नाव जुळते. अशी जुळवाजुळव झाली तेव्हा पुराणांच्या याद्यांत मुळीच नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे उजेडात आले. राजांचीही नावे ज्यांनी गाळली, त्यांच्या पोथ्यांत आपण आपले पूर्वज शोधत बसतो!

नाणे दोन तऱ्हांनी बिघडते. जमिनीतला गंज धातूला कुठेही खड्डे पाडतो. हातांची झीज आधी उंचवट्यांवर चालते. हत्तीचे गंडस्थळ सपाट होते, कडा गुळगुळीत होतात, वजन उतरते. असे नाणे पुष्कळ व्यवहारांतून गेलेले असते, आणि पोटीन-शिशासारख्या हलक्या चलनातला व्यवहार किरकोळ बाजाराचाच असणार. ते हात कोणाचे, हे नाणे सांगत नाही. तिथे शिलालेखांकडे जावे लागते. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दानाची रक्कम गुंतवल्याची नोंद आहे. बांबूकाम करणारे, म्हणजे आजच्या भाषेत बुरूड. संघाने विश्वासाने पैसा ठेवावा अशी त्यांची पत होती. त्याच सातवाहनांच्या नाशिकच्या लेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाने, गौतमीपुत्राने, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला म्हणून त्याची थोरवी गाते, आणि ते लेणे देते बौद्ध भिक्षूंना! म्हणजे वर्णाचा अहंकार तेव्हाही होताच. त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. परंतु डॉ. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या सुमारास मानला आहे. सातवाहनांची सत्ता त्यापूर्वीच, तिसऱ्या शतकात संपलेली होती.

हे वर्गात शिकवताना मला आजी आठवते. तिच्या मजुरीचे पैसे मालक वरून टाकी. ती ओंजळ धरी. विटाळ नाण्याला नव्हता, हाताला होता. संध्याकाळी तेच नाणे दुकानदाराच्या गल्ल्यात बिनदिक्कत पडे. माझ्या टेबलावरची ही झिजलेली चकती हातातून हातात जात असताना मध्ये असे अंतर होते काय? बाबासाहेबांचा कालनिर्णय मानला तर नव्हते. म्हणूनच मला ती देखण्या रुप्यापेक्षा मोलाची वाटते.

आणि ती वितळते आहे. घडा सापडला तर १८७८ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांना खबर द्यावी लागते. त्या धास्तीने तो गुपचूप मोडीत जातो. सुट्या नाण्यांना तर कोणी विचारीतही नाही. इथून जवळच, संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या शतकाच्या पहिल्या दशकात उत्खनन केले. विटांचा स्तूप निघाला, भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी निघाल्या. ते स्थळ आमच्याच तालुक्यातील जिगाव धरणाच्या बुडितात येते. धरणाला माझा विरोध नाही, पाणी आमच्याही लोकांना हवे आहे. पण बुडण्याआधी किती शिवारे कोणी पायी फिरून पाहिली?

म्हणून मी विद्यार्थ्यांना एक काम लावले आहे. घरी, गल्लीत, मजुरीवर असलेल्या बायांकडे जुने नाणे दिसले तर ते मागायचे नाही; वजन करायचे, दोन्ही बाजूंचा फोटो घ्यायचा, शिवार कोणते, पीक कोणते, कोणाच्या हाताला लागले ते वहीत लिहायचे. पहिल्या पानावर आईचे नाव आहे आणि तिने सांगितलेली शेताची खूण: निंबाखालचा तिसरा तास.