कळलावी: नावात उरलेला इतिहास

सोलापुरात सावलीची बाग करू म्हणणे हेच मुळी धाडस. त्या बागेत कळलावी लावू म्हणणे त्याहून मोठे, कारण ही रानवेल कंदापासून बीपर्यंत विषारी आहे. तरीही ती लावावी असे आम्हांस वाटते, आणि त्याचे कारण फुलाइतकेच तिच्या नावात आहे.

संस्कृतात ती लांगली, कंदाचा आकार नांगरासारखा म्हणून. फुलाच्या ज्वाळांवरून अग्निशिखा. आणि आडपडदा न ठेवता गर्भपातिनी. लिनिअसने 1753 साली 'ग्लोरिओसा सुपर्बा' असे नाव देऊन केवळ तिच्या वैभवाची नोंद केली. मराठी मात्र वेदनेपाशी थांबली. अडलेल्या बाळंतिणीच्या नाभीवर, तळहातांना, तळपायांना या कंदाचा लेप लावीत, म्हणजे कळा याव्यात. कळ लावणारी ती कळलावी. पुढे 'कळ' म्हणजे कलह हा अर्थही तिला चिकटला आणि हे फूल घरात आणले की भांडणे लागतात असा समज रूढ झाला. (नारदमुनींना 'कळलाव्या' म्हणताना ही वेल कोणाला आठवत नाही, हे बरेच!) गंमत अशी की, कोकणात गौरी-गणपतीच्या दिवसांत हीच फुले पूजेत मांडतात.

विषाचा शोध सावकाश लागला. आयुर्वेदाने लांगलीला सात उपविषांत केव्हाच बसवले होते. 1880 साली वॉर्डन या रसायनज्ञाने कंदातून 'सुपर्बिन' नावाचे द्रव्य वेगळे काढले. 1915 साली कळलावीत कोल्चिसिन असल्याचे सिद्ध झाले. संधिवातावर दिले जाणारे हे औषध पेशींचे विभाजन रोखते. म्हणूनच विषबाधा झालेल्याला आधी उलट्या-जुलाब होतात, पुढे रक्त तयार होणे मंदावते, आणि वाचलाच तर काही दिवसांनी केस गळतात. लेपासाठी वापरलेला कंद आणि पोटात गेलेला कंद यांतले अंतर असे जीवघेणे होते.

ते अंतर ओलांडण्याची वेळ कोणावर येत असे? एकोणिसाव्या शतकातील बालविधवेचे शरीर हा या प्रश्नाचा केंद्रबिंदू आहे. पुनर्विवाह 1856 साली कायदेशीर झाला, पण उच्चवर्णीय समाजात तो निषिद्धच राहिला. 1860 च्या दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला. म्हणजे कायदा एका बाजूला, जात दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये रानातल्या मुळ्या. जोतीराव फुल्यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. बारा वर्षांनी, 1875 साली, सोलापूर जिल्ह्यातच पंढरपूरला लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने तशीच संस्था उभी राहिली. तीर्थक्षेत्री तिची गरज भासावी हे लक्षात घेण्याजोगे आहे. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली गेली (ती पुढे रद्द झाली) आणि वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवरच झोड उठली. ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना'मागची ठिणगी ती. या पुस्तकाचा अभ्यास आपण करतो तो युक्तिवाद म्हणून, निबंध म्हणून. त्या युक्तिवादाच्या तळाशी जो देह होता त्याची भाषा 'कळलावी' या एका शब्दात अधिक उघडपणे शिल्लक आहे असे आमचे मत आहे. त्या स्त्रिया लिहीत नव्हत्या. शब्द मात्र त्यांच्या परिसरातला होता.

आता बागेविषयी. सोलापूरच्या काळ्या मातीत पाणी साचून कंद कुजतो. म्हणून निम्मा मुरूम किंवा वाळू मिसळावी. कडुलिंबाखालची झिरपती सावली उत्तम. मृगाच्या सुमारास कंद आडवा, दोन-तीन इंच खोल ठेवावा. फुटवा टोकाकडूनच येतो, टोक मोडले तर कंद वाया जातो. पानांची टोके स्वतःच वेटोळी होऊन आधार पकडतात. श्रावण-भाद्रपदात फुले हिरवट पिवळ्यातून लालभडक होतात. दिवाळीनंतर वेल वाळते आणि उन्हाळाभर जमिनीवर तिचा मागमूस राहत नाही. नेमका तेव्हाच धोका अधिक, कारण उकरून निघालेला कंद रताळ्यासारखा भासतो. हातमोजे घालावेत, मुले-जनावरे येत नाहीत असा कोपरा निवडावा आणि तिथे कायमची पाटी लावावी. पाटीवर 'विषारी' असे ठळक लिहावे. नाव देताना सोज्वळ 'अग्निशिखा' नको; कळलावीच लिहावे.