घोणशीचे विष आणि तालुक्याचे रुग्णालय

1934 साली लंडनमध्ये मॅकफर्लेन हा डॉक्टर आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा प्रमुख बार्नेट या दोघांनी एक अजब उपाय जाहीर केला. घोणशीचे विष खूप पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णाच्या जखमेवर लावले, तर वाहते रक्त थांबते. रक्त गोठवणाऱ्या साखळीतला दहावा घटक हे विष थेट जागा करते, हे पुढे उलगडले. 1986 मध्ये याच विषावर बेतलेली एक चाचणी आली. ज्यांच्या रक्तात वारंवार गुठळ्या होतात, अशा काही रुग्णांचे निदान मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळा आजही तिने करतात. फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनाचा नमुना समोर ठेवून टायरोफिबान हे औषध घडवले गेले, ते हृदयविकाराच्या रुग्णाला गुठळी वाढू नये म्हणून देतात. शहापूर-मुरबाड या तालुक्यांतल्या बांधावर आणि कातळावर वावरणाऱ्या या दोन जातींनी रक्ताच्या शास्त्राला एवढे दिले. त्याच जातींच्या दंशाने ज्याचे रक्त गोठेनासे होते, तो भातशेतीतला मजूर मात्र त्या शास्त्राच्या खर्चाच्या हिशेबात सहसा नसतो. सर्पदंश हा रक्त गोठण्याच्या विकारांचाच एक प्रकार धरावा आणि त्या विकारांवरच्या राष्ट्रीय संशोधनाचा पैसा तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत न्यावा, असे माझे म्हणणे आहे.

सापांवर सरकारने पैसा खर्चलाच नाही असे मात्र नाही. 1862 साली रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्याला बक्षीस लावले, तेव्हा आठवड्याभरात लाखावर फुरशी कचेरीत जमा झाली. मोजदाद झाली ती मेलेल्या सापांची. दंश झालेली माणसे किती, त्यांतली वाचली किती, याचा तसा काटेकोर हिशेब कोणी ठेवला नाही. पुढे पैशाची दिशा बदलली आणि तो प्रतिविषाकडे वळला. परळच्या हाफकिन संस्थेत 1940च्या दशकात प्रतिविष तयार होऊ लागले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून चालणारी ती कुपी निःसंशय मोठे काम होते. पण ती परळहून निघून डोळखांब किंवा टोकावड्यासारख्या या तालुक्यांतल्या गावच्या रुग्णाच्या शिरेत कधी पोहोचते, हा प्रश्न संशोधनाचा आहे असे कुणाला वाटले नाही. शहापूर तालुक्यातल्या तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते आहे, त्या वाटेने परत येणाऱ्या गोष्टींचा वेग नेहमीच कमी राहिला.

कुपी आणि रुग्ण यांच्या मधल्या या अंतरातच खरे शास्त्र दडले आहे. घोणस चावली की विष रक्तातले गोठवणारे घटक भराभर वापरून संपवते. मग हिरड्यांतून, लघवीतून, जखमेतून रक्त येत राहते आणि अनेकांची मूत्रपिंडे बंद पडतात. हे ओळखायची परीक्षा अगदी साधी आहे. शिरेतले दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे हलवायचे नाही, मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त पातळच राहिले तर प्रतिविष द्यायचे. यंत्र लागत नाही, पण नळी काचेचीच हवी. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निकाल फसतो. रात्रपाळीच्या परिचारिकेसाठी ही नळी ठेवलेली असते का, निकाल कागदावर लिहिला जातो का, पुढच्या डोसाआधी सहा तासांनी तो पुन्हा पाहिला जातो का, या प्रश्नांची उत्तरे ग्रामीण रुग्णालयाच्या खाटेजवळच मिळतात.

यावर पहिला आक्षेप असा येतो की औषध आहे, आता संशोधन कशाला. लोक भगताकडे जातात, तेवढे थांबवा म्हणजे झाले. भगताकडे जाण्यात वेळ जातो हे खरेच. पण भगत पाड्यात असतो आणि प्रतिविष तालुक्याच्या गावी, पावसाळ्यात ओढ्यापलीकडे. शिवाय भारतातल्या प्रतिविषासाठीचे विष प्रामुख्याने तमिळनाडूतून येते, आणि एकाच जातीच्या घोणशीचे विष प्रदेशागणिक बदलते. इथल्या घोणशीवर त्या कुपीचा किती गुण येतो, हे इथल्या रुग्णांच्या नोंदींवरूनच ठरेल. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चांगले संशोधन मोठ्या संस्थांतच होते, तालुक्यात पैसा वाया जाईल. याला महाडच्या हिम्मतराव बावस्करांचे काम हे पुरेसे उत्तर आहे. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन चालते हे त्यांनी कोकणातल्या रुग्णांवर पाहिले आणि 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. अर्थात एका डॉक्टरच्या चिकाटीवर सगळा भार टाकणे हे धोरण होऊ शकत नाही. तालुक्याच्या रुग्णालयांचे जाळे उभारायचे ते म्हणूनच.

तिसरा आक्षेप आकड्यांचा: इथे मृत्यूच कमी आहेत. देशभरातल्या मृत्यूंच्या पाहणीवरून 2005 साली सर्पदंशाने सुमारे 46 हजार माणसे गेली असा अंदाज निघाला. तो रुग्णालयांच्या सरकारी आकड्याच्या तीसपटीहून अधिक होता, कारण बहुतेक माणसे रुग्णालयाबाहेरच मेली होती. ज्या आठ राज्यांत हे मृत्यू सर्वाधिक आहेत, त्यांत महाराष्ट्र नाही, हेही मान्य. पण मृत्यू कमी असणे म्हणजे जखम कमी असणे नव्हे. डायलिसिसवर गेलेला, बोट किंवा पाय गमावलेला माणूस मृत्यूच्या यादीत येत नाही आणि त्याची वेगळी यादी नाही.

या बाबतीत शहापूरला अलीकडे वेगळे स्थान मिळाले आहे. परळच्याच राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने आधी डहाणूत सर्पदंशाच्या नोंदी तपासल्या. मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रकल्पात गडचिरोलीतल्या अहेरीबरोबर शहापूर तालुका घेतला गेला. आशाताई, गावकरी आणि आरोग्य केंद्रातले डॉक्टर यांना एका धाग्यात आणायचा हा प्रयत्न आहे. मार्च 2024 मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि नोव्हेंबरात राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितले. सक्तीच्या नोंदीत नुसते ‘सर्पदंश’ लिहून भागणार नाही. वीस मिनिटांच्या नळीचा निकाल, पहिली कुपी किती तासांनी दिली, तीन महिन्यांनी मूत्रपिंडाचे काय झाले, हे रकाने हवेत, आणि ते भरणाऱ्या माणसाचा पगार संशोधनाच्या निधीतून हवा. हे काम शहापुरात सुरू झाले, तर घाटाच्या पायथ्याला पसरलेल्या मुरबाडलाही त्यातून वगळायचे कारण उरत नाही.