वेतन हें दान नव्हे

मुंबईच्या धनिकांचीं नांवें शिलाखंडांवर कोरलेलीं आढळतात. त्यांच्या कामगारांची वार्ता मात्र जुन्या कागदांतूनच शोधावी लागते. राजाबाई मनोऱ्यास द्रव्य देणारे प्रेमचंद रायचंद सर्वांस ठाऊक आहेत. परंतु १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं सुमारें ५,५०० गिरणीकामगारांच्या सह्यांचा जो अर्ज फॅक्टरी कमिशनपुढें ठेविला, तो आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच पाहिला असेल.

त्यांतील मागण्या अशा: रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, गेल्या महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत, आणि कामावर जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार. यांत दानाची याचना एकही नाहीं.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत अठरा व्यवहारपदें सांगितलीं आहेत. त्यांत ऋणादानाप्रमाणेंच वेतनादानही, म्हणजे वेतन न देणें, गणिलें आहे. अर्थात् वेतन ही धन्याची कृपा नसून, राजद्वारीं दाद मागण्याजोगें देणें होय.

कोणी म्हणतील, धनिकांनीं विद्यालयें व रुग्णालयें बांधिलीं. तेवढ्यानें ऋण फिटलें नाहीं काय? आमच्या मतें, एकाचें देणें दुसऱ्यास दिल्यानें फिटत नाहीं. आधीं वेतन, मग दान, हाच क्रम होय.

साप्ताहिक सुटी गिरणीमालकांनीं १० जून १८९० रोजीं मान्य केली. आतां त्यांतील बहुतेक गिरण्या बंद पडल्या आहेत. संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, दानपत्रांबरोबर गिरण्यांचीं हजेरीपत्रकें व पगारवह्याही जतन कराव्या. देण्याचा खरा हिशेब तेथेंच सांपडेल.