बाल्टिक समुद्र : सही राजधानीची, सांडपाणी शहराचं

एका समुद्राभोवती अनेक देश असतील तर त्या समुद्राची काळजी नेमकी कोणी घ्यायची? देशांच्या सरकारांनी, किनाऱ्यावरच्या शहरांनी, की त्या सगळ्यांच्या वर असलेल्या एखाद्या संघटनेने? राज्यशास्त्रात याला ‘बहुस्तरीय शासन’ असं जड नाव आहे. नाव बाजूला ठेवू आणि उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राची गेल्या पन्नास वर्षांची गोष्ट पाहू. तिच्यातून हा प्रश्न जास्त स्पष्ट होतो.

आधी समुद्राची ओळख करून घेऊ. आकाराने तो महाराष्ट्राच्या सव्वा ते दीडपट आहे, पण उथळ आहे. सरासरी खोली जेमतेम ५५ मीटर. बाहेरच्या महासागराशी तो डेन्मार्कजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुन्यांनीच जोडलेला आहे, त्यामुळे सगळं पाणी एकदा बदलायला साधारण तीस वर्षं लागतात. म्हणजे १९९५ साली त्यात जे मिसळलं त्याचा हिशेब आपण आजही चुकता करतोय. आज त्याच्या किनाऱ्यावर नऊ देश आहेत. पण ज्या नद्या त्याला मिळतात त्यांचं खोरं चौदा देशांत पसरलेलं आहे आणि त्या खोऱ्यात साडेआठ कोटींच्या आसपास लोक राहतात. बेलारूसला बाल्टिकचा किनारा नाही, तरी तिथल्या अनेक गावांचं सांडपाणी अखेर बाल्टिकलाच जातं.

आता १९६०च्या दशकात जाऊ. स्वीडनमधले रसायनशास्त्रज्ञ सोरेन येन्सन कीटकनाशकांचे अंश शोधत होते. १९६६ साली त्यांना मासे आणि समुद्री गरुड यांच्या शरीरात पीसीबी हे औद्योगिक रसायन सापडलं. गरुडांची पिल्लं जगत नव्हती, सीलची संख्या घटत होती. दोष एकट्या कोणाचा नव्हता. पण एकत्र बसायचं कसं? एका बाजूला सोव्हिएत संघ, पोलंड, पूर्व जर्मनी; दुसऱ्या बाजूला पश्चिम जर्मनी आणि डेन्मार्क हे नाटोचे सदस्य; मध्ये तटस्थ स्वीडन आणि फिनलंड. १९७२च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधींचं भाषण गाजलं, हे आपल्याकडे आवर्जून सांगितलं जातं. पण त्याच परिषदेवर सोव्हिएत गटाने बहिष्कार टाकला होता हे फारसं सांगितलं जात नाही. कारण काय, तर पूर्व जर्मनीला बरोबरीचं स्थान मिळालं नव्हतं. समुद्राचा प्रश्न असा जर्मनीच्या प्रश्नात अडकलेला होता.

ही गाठ वरच्या पातळीवरच सुटली. १९७२च्या अखेरीस दोन जर्मनींनी आपसात करार केला, १९७३ मध्ये दोघेही संयुक्त राष्ट्रांत आले आणि मार्च १९७४ मध्ये सात देशांनी हेलसिंकीत बाल्टिकच्या संरक्षणाच्या करारावर सह्या केल्या. जहाजं, जमीन, हवा, अशा सर्व बाजूंनी येणारं प्रदूषण एका अख्ख्या समुद्रापुरतं एकाच करारात आणण्याची ही पहिलीच वेळ होती. तेव्हा लक्षात घ्या, शीतयुद्ध चालू असताना हे घडलं. कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या आयोगाला ‘हेलकॉम’ म्हणतात. त्याचं कार्यालय हेलसिंकीतच आहे.

मात्र या करारात एक मेख होती. देशांचं अंतर्गत जलक्षेत्र, म्हणजे किनाऱ्याला लागून असलेलं बंदरांचं, खाड्यांचं पाणी, कराराच्या क्षेत्रात धरलेलंच नव्हतं. तिथे कराराची उद्दिष्टं पाळायची, पण आपापल्या अधिकारात, आपापल्या पद्धतीने. आयोगाचे निर्णय एकमताने व्हायचे आणि ते शिफारशी म्हणून जायचे. थोडक्यात, घाण जिथे पाण्यात पडते तिथेच कराराचा हात आखडता होता. यात नवल नाही. कुठल्याही सरकारला समुद्र सामायिक मान्य होतो, आपलं गटार सामायिक मान्य होत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे लेनिनग्राड, आजचं सेंट पीटर्सबर्ग. बाल्टिकच्या किनाऱ्यावरचं सर्वांत मोठं शहर. १९७०च्या दशकाच्या अखेरपर्यंत या शहराचं सांडपाणी जवळपास प्रक्रियेविनाच नेवा नदीत आणि फिनलंडच्या आखातात जात होतं. समोर फिनलंड. १९५३ पासून फिनलंडचं तुर्कू हे लेनिनग्राडचं जुळं शहर होतं. शिष्टमंडळं येत-जात होती. १९७७ मध्ये लेनिनग्राडने तुर्कूला लेनिनचा अर्धपुतळा भेट दिला. पुतळा आला, पण सांडपाण्याचा प्रश्न तसाच राहिला.

१९८९ ते १९९१ या तीन वर्षांत सगळा नकाशाच बदलला. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया स्वतंत्र झाले, जर्मनी एक झाली. मग संस्थांची एकच गर्दी झाली. सप्टेंबर १९९१ मध्ये पोलंडच्या ग्दान्स्क शहरात ३२ शहरांनी ‘बाल्टिक शहरांचा संघ’ स्थापन केला. मार्च १९९२ मध्ये जर्मनीचे परराष्ट्रमंत्री हान्स-डीट्रिश गेन्शर आणि डेन्मार्कचे उफे एलेमान-येन्सन यांच्या पुढाकाराने ‘बाल्टिक समुद्र राष्ट्र परिषद’ उभी राहिली. पाठोपाठ प्रांतांचंही वेगळं व्यासपीठ आलं. लोक हान्झाची आठवण काढू लागले. हान्झा म्हणजे मध्ययुगात ल्युबेकच्या नेतृत्वाखाली बाल्टिकचा व्यापार चालवणारा शहरांचा संघ. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांताचे प्रमुख ब्यॉर्न एंगहोल्म तर ‘नवी हान्झा’ असंच म्हणायचे. कल्पना मोहक आहे, पण फसवीही आहे. हान्झाच्या शहरांकडे स्वतःचे करार करण्याची, प्रसंगी युद्ध करण्याचीही ताकद होती. आजच्या शहराकडे ती नाही. त्याच्याकडे नळ आहेत, गटारं आहेत, अभियंते आहेत आणि वर एक सरकार आहे.

त्याच वर्षी, १९९२ मध्ये, हेलसिंकी करार नव्याने लिहिला गेला. आता अंतर्गत जलक्षेत्र आत आलं, नद्यांच्या संपूर्ण खोऱ्यातून येणारं प्रदूषण कमी करण्याची जबाबदारी आली, युरोपीय समुदायही सदस्य झाला. प्रदूषणाच्या १३२ ठिकाणांची यादी तयार झाली. ही यादी महत्त्वाची होती, कारण तिच्यात देशांऐवजी शहरं, कारखाने, शेतीचे पट्टे यांची नावं होती. ‘समुद्र वाचवा’ म्हटलं की पैसा कोणाला द्यायचा ते कळत नाही. ‘या शहराचं हे केंद्र अर्धवट आहे’ म्हटलं की कळतं.

पीटर्सबर्गचं नैऋत्येकडचं सांडपाणी केंद्र असंच अर्धवट होतं. १९८०च्या दशकात काम सुरू झालं आणि सोव्हिएत संघाबरोबर पैसाही संपला. पुढे ते कसं पूर्ण झालं ते पाहा. शहराच्या पाणी खात्याने योजना मांडली, स्वीडन आणि फिनलंडने अनुदान दिलं, नॉर्डिक आणि युरोपीय विकास बँकांनी कर्ज दिलं, युरोपीय संघाने हातभार लावला, मॉस्कोने मान हलवली. सप्टेंबर २००५ मध्ये केंद्र सुरू झालं तेव्हा पुतिन, फिनलंडच्या राष्ट्राध्यक्ष तार्या हालोनेन आणि स्वीडनचे पंतप्रधान योरान पेरसॉन तिघेही हजर होते. सांडपाणी केंद्राच्या उद्घाटनाला तीन देशांचे प्रमुख, हे दृश्य रोज दिसत नाही! २०१३ पर्यंत शहराचं जवळपास सगळं सांडपाणी प्रक्रियेखाली आलं. याचा थेट फायदा फिनलंडच्या आखाताला झाला.

हे कोणी केलं? शहराने, की राष्ट्राने? आमचं उत्तर असं : काम शहराने केलं, दार राष्ट्राने उघडलं. दोन्ही लागतात. पण त्यांची ताकद सारखी नाही. दार बंद करायला एकाच पातळीचा निर्णय पुरतो.

२००४ मध्ये पोलंड आणि तीन बाल्टिक देश युरोपीय संघात आले आणि नऊपैकी आठ देश एका छत्राखाली आले. २००९ मध्ये संघाने या प्रदेशासाठी खास धोरण आखलं. त्याची तीन पथ्यं होती : नवा निधी नाही, नवे कायदे नाहीत, नव्या संस्था नाहीत. आहे त्याचाच मेळ घालायचा. हे शहाणपणाचं होतं, पण रशिया या छत्राच्या बाहेरच राहिला.

मग फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं. राष्ट्र परिषदेने मार्चमध्ये रशियाला निलंबित केलं, मे महिन्यात रशिया स्वतःच बाहेर पडला. ज्या ग्दान्स्कमध्ये शहरांचा संघ जन्मला त्याच ग्दान्स्कने पीटर्सबर्ग आणि कालिनिनग्राडशी असलेलं नातं तोडलं. एप्रिलअखेर तुर्कूतला लेनिनचा पुतळा हलवण्यात आला. शहरांनी हे करायला नको होतं असं आम्ही म्हणणार नाही. शेजारी देशावर बॉम्ब पडत असताना मैत्रीचे समारंभ करता येत नाहीत. हेलकॉममध्ये रशिया कागदावर आजही सदस्य आहे, पण त्याच्यासह होणाऱ्या अधिकृत बैठका थांबल्या. उरलेले सदस्य अनौपचारिकपणे काम पुढे नेत राहिले.

आणि समुद्र? नत्र आणि स्फुरद यांचा ओघ १९८०च्या दशकाच्या तुलनेत बराच घटला आहे. गरुड परत आले. तरीही ९० टक्क्यांहून अधिक समुद्र अतिपोषणाने ग्रासलेला आहे; तळाच्या गाळात जुना स्फुरद साठलेला आहे आणि शेतांमधून नवा येतोच आहे. शहरांचं सांडपाणी पाइपात धरता आलं. लाखो शेतांचं पाणी तसं धरता येत नाही.

म्हणून १९७४ची आठवण आज कामाची आहे. तेव्हाही दोन गट एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसले होते. तरी किमान एक टेबल शिल्लक ठेवावं एवढं त्यांना पटलं. त्या टेबलावर गटारांविषयी बोलायला अठरा वर्षं लागली, पण टेबल होतं म्हणून बोलता तरी आलं. आज हेलकॉमची रशियाची खुर्ची रिकामी आहे, पण काढून टाकलेली नाही. पीटर्सबर्गची केंद्रं ज्या आखातात पाणी सोडतात, त्याच आखातावर हेलसिंकी आणि टॅलिन वसलेली आहेत. ती खुर्ची पुन्हा भरेल तेव्हा बोलणी मैत्रीच्या भाषणांनी सुरू होणार नाहीत. बहुधा ती पाण्यातल्या स्फुरदाच्या आकड्यांनी सुरू होतील. १९९२ नंतरचा अनुभव तरी हेच सांगतो.

आज इथे थांबू.